घसाऱ्याचा हिशेब

महाग ते चांगले आणि स्वस्त ते हलके, हा समज आपल्या घराघरांत पक्का बसलेला आहे. शाळेच्या दप्तरापासून लग्नाच्या शालूपर्यंत आपण किमतीची चिठ्ठी आधी पाहतो आणि वस्तू नंतर पाहतो. मोठ्यांचे पाहून मुलेही तेच शिकतात. या समजाचा एका मुलावर काय परिणाम झाला आणि त्यातून त्याने स्वतःच कशी वाट काढली, हे वाचक बंधू-भगिनींना सांगावे म्हणून आम्ही आज लिहायला बसलो आहोत. विषय तसा आपल्याकडे अनोळखी आहे. तो म्हणजे अमेरिकेतील डिस्क गोल्फ हा खेळ आणि त्यात फेकायच्या प्लॅस्टिकच्या चकत्या. परंतु वाचकांनी थोडा धीर धरावा. चकती परकी असली तरी प्रश्न घरचाच आहे.

आमची धाकटी बहीण अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलिना राज्यात शार्लट या शहरी राहते. सन २०२३ च्या उन्हाळ्यात आम्ही साठलेली रजा काढून सहा आठवडे तिच्याकडे गेलो होतो. कारकुनाच्या आयुष्यात असा प्रवास एकदाच घडतो. कार्यालयाची परवानगी, व्हिसा, तिकिटाचे कर्ज, सगळे उरकून आम्ही तेथे पोहोचलो तेव्हा घरात वेगळीच शांतता होती. मेहुण्यांची नोकरी मार्च महिन्यात गेली होती. तिकीट आधीच काढलेले असल्याने बहिणीने आम्हाला काही कळवले नव्हते. मेहुणे दिवसभर संगणकासमोर बसून अर्ज पाठवीत. बहिणीच्या एकटीच्या पगारावर घराचा हप्ता आणि विमा चालला होता. दुधाच्या डब्यापासून गाडीच्या पेट्रोलपर्यंत ती सगळे एका वहीत लिहीत होती. ही सवय आमच्या आईची.

भाचा पंधरा वर्षांचा. जन्म तिकडचाच. मराठी बोलतो, पण शब्द शोधत बोलतो. बहीण म्हणाली, "दादा, याचं काहीतरी बघ. दर शनिवारी खेळायला जायचा, दोन महिने झाले, जातच नाही. खांदा दुखतो म्हणतो. डॉक्टरकडे नेते म्हटलं तर नको म्हणतो." तेथील डॉक्टरचा खर्च ऐकून आमचाही खांदा दुखू लागला. पण मुलगा घरात सामान उचलताना, गाडी पुसताना पाहिला तर खांदा ठीक दिसत होता. तेव्हा आम्ही त्याला काही न विचारता एवढेच म्हटले की, बाबा, तुझा तो खेळ आम्हाला एकदा दाखव.

गोल्फ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे कापलेली हिरवळ आणि पैसेवाले क्लब येतात. हा खेळ तसा नाही. बहुतेक ठिकाणी तो सार्वजनिक बागेत किंवा जंगलाच्या पट्ट्यात मांडलेला असतो आणि बहुतेक जागी प्रवेशाला पैसे पडत नाहीत. छिद्राच्या जागी लोखंडी खांबावर एक टोपली असते व तिच्यावर साखळ्या लोंबत असतात. ठरलेल्या जागेवरून चकती फेकायची, ती जिथे पडेल तिथून पुन्हा फेकायची, आणि साखळ्यांवर आदळून टोपलीत पडली की ते ठिकाण संपले. अशी नऊ किंवा अठरा ठिकाणे. सगळ्यांत कमी फेकींत जो पूर्ण करील तो जिंकला. लांब फेकायची ती ड्रायव्हर, मध्यम पल्ल्याची ती मिडरेंज आणि टोपलीजवळून टाकायची ती पटर, अशा चकत्यांच्या तीन जाती असतात.

या खेळाचा जनक म्हणून एड हेड्रिक यांचे नाव घेतात. ते १९६४ साली फ्रिसबी बनविणाऱ्या व्हॅम-ओ कंपनीत आले. त्यांनी सुधारलेल्या फ्रिसबीला १९६७ साली पेटंट मिळाले. पुढे १९७५ साली कॅलिफोर्नियातील ओक ग्रोव्ह बागेत त्यांनी पहिले कायमचे मैदान आखले, १९७६ साली खेळाडूंची संघटना स्थापन केली, आणि साखळ्यांच्या टोपलीचे पेटंट १९७७ साली घेतले. त्या काळी सर्व जण फ्रिसबीसारखी बोथट कडेची चकतीच फेकत. १९८३ साली डेव्ह ड्यूनिपेस यांनी कड तासून ती पाचरीसारखी निमुळती केलेली चकती आणली. त्यातूनच इनोव्हा ही कंपनी उभी राहिली. निमुळत्या कडेमुळे हवेचा अडथळा कमी झाला व पल्ला एकदम वाढला. हेड्रिक २००२ साली वारले. त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांची रक्षा प्लॅस्टिकमध्ये मिसळून त्याच्या काही चकत्या ओतण्यात आल्या. एखाद्याचा आपल्या कामावर जीव असावा तो किती, हे त्यावरून कळावे.

शार्लटच्या आसपास या खेळाचे मोठेच वेड आहे. २०१२ सालची जागतिक स्पर्धा याच शहरात झाली, आणि जवळच्या रॉक हिल गावी विन्थ्रॉप विद्यापीठाच्या आवारात १९९९ पासून राष्ट्रीय स्पर्धा भरते. तेव्हा तेथील शाळकरी मुलांच्या पाठीवर चकत्यांची पिशवी दिसली तर नवल नाही.

भाच्याने आपली पिशवी काढली. वरच्या कप्प्यात पाण्याची बाटली व टॉवेल, आणि चकत्या तळाशी, जणू कोणाला दिसू नयेत अशा. आम्ही एक चकती हातात घेतली. रंग उडालेला, कडेवर खरचटे, एके ठिकाणी तर दाताने चावल्यासारखा खळगा. मग त्याने हळूहळू सांगितले.

"मामा, खांदा नाही दुखत. तिकडे सगळ्यांच्या बॅगेत चॅम्पियन नाहीतर स्टार असतात. माझ्याकडे सगळे डीएक्स. एक जण म्हणाला, तू अजून हेच फेकतोस? आईला सांगू नका. बाबांना जॉब नाहीये, मला माहीत आहे ना."

मुलाने काही मागितले नव्हते. मागण्याची वेळच येऊ नये म्हणून त्याने खेळच सोडला होता, आणि आईला वाईट वाटू नये म्हणून खांदा दुखवला होता. आम्ही त्याला शाबासकी दिली नाही आणि रागावलोही नाही. एवढेच विचारले की, हे डीएक्स आणि चॅम्पियन म्हणजे काय ते आम्हाला नीट समजावून सांग. आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर, आम्हाला भाव समजतो, माल समजत नाही.

त्यावर मात्र त्याची जीभ मोकळी झाली. पुढे जे लिहीत आहोत ते काही त्याच्याकडून ऐकलेले, काही नंतर वाचून ताडून घेतलेले आहे.

कंपनी एका चकतीचा एकच साचा करते, परंतु त्या साच्यात निरनिराळी प्लॅस्टिके ओतते. इनोव्हा कंपनीत सर्वांत स्वस्त ते डीएक्स. हाताला जरा खडबडीत लागते, पकड चांगली बसते, पण झाडावर आपटले की लगेच खरचटते. चॅम्पियन हे टणक व बहुधा आरपार उजेड जाणारे. उन्हात धरले की रंगीत काचेसारखे चमकते आणि लांबूनही ओळखू येते. स्टार हे तितकेच टिकाऊ पण अपारदर्शक व हाताला जरा मऊ. ही महाग प्लॅस्टिके पॉलियुरेथेनच्या कुळातली असतात. त्यांना प्रीमियम म्हणतात आणि स्वस्ताला बेस. त्या वर्षी दुकानात डीएक्स चकती साधारण नऊ डॉलरला आणि चॅम्पियन अठरा डॉलरच्या आसपास होती. डॉलरचा भाव ८२ रुपयांच्या जवळपास धरला तर सुमारे साडेसातशे आणि दीड हजार रुपये. दुप्पट फरक.

आता साचा एकच असेल तर उडणेही एकसारखेच असायला हवे, असे कोणासही वाटेल. तसे होत नाही. गरम प्लॅस्टिक साच्यातून निघून थंड होताना आकसते, आणि प्रत्येक प्लॅस्टिक सारखे आकसत नाही. त्यामुळे एखाद्या चकतीचा माथा फुगीर राहतो, एखादीचा सपाट बसतो. चकतीच्या कडेवर साच्याचे वरचे व खालचे भाग जुळतात त्या ठिकाणी एक बारीक रेघ असते. ती रेघ तळापासून केसभर उंच राहिली तरी उडण्यात फरक पडतो. एकाच प्लॅस्टिकच्या दोन वेळच्या मालातही असा फरक सापडतो, मग निराळ्या प्लॅस्टिकची काय कथा!

आणखी एक गोष्ट आम्हाला फार आवडली. चकतीला चार आकडे दिलेले असतात. पहिला वेगाचा, दुसरा तरंगण्याचा, तिसरा वळण्याचा, चौथा शेवटी कलण्याचा. भाच्याची चकती लेपर्ड नावाची, तिचे आकडे ६, ५, उणे २, १. त्याच्या मित्रांकडे होती ती डिस्ट्रॉयर, तिचे आकडे १२, ५, उणे १, ३. बाराचा आकडा सहाच्या दुप्पट, तेव्हा ती चकती दुप्पट चांगली, असे मुलांना वाटते. परंतु वेगाचा हा आकडा चकती फेकणाऱ्याकडे काय मागते ते सांगतो. म्हणजे डिस्ट्रॉयर म्हणते, मला बाराच्या जोराने फेक, तरच मी माझे काम करीन. अव्वल खेळाडू सव्वाशे-दीडशे मीटर फेकतात, त्यांच्या हातासाठी ती आहे. पंधरा वर्षांच्या मुलाचा हात तेवढा चालत नाही.

हे वळणे आणि कलणे कशाने होते, तेही थोडक्यात सांगतो. उजव्या हाताने, छातीजवळून बाहेर, फ्रिसबीसारखी चकती फेकली की वरून पाहता ती घड्याळाच्या काट्याप्रमाणे फिरते. वेग जास्त असताना हवेच्या उचलीचा जोर चकतीच्या मध्याच्या जरा मागे पडतो आणि तिची पुढची कड खाली जाऊ पाहते. न फिरणारी वस्तू असती तर नाकावरच पडली असती. परंतु फिरत्या वस्तूला एका बाजूने रेटा दिला की ती तिकडे न पडता काटकोनात झुकते. भोवऱ्याला बोट लावून ज्यांनी पाहिले आहे त्यांना हे ठाऊक आहे. त्यामुळे चकती उजवीकडे झुकते. हे तिचे वळणे. पुढे वेग मंदावला की तो जोर मध्याच्या पुढे सरकतो, पुढची कड वर उचलली जाऊ पाहते, आणि चकती डावीकडे कलून खाली येते. डावखुऱ्याचे सगळे उलट. जी चकती उजवीकडे वळायला नकार देते व डावीकडेच ओढते तिला ओव्हरस्टेबल म्हणतात, जी सहज उजवीकडे वळते ती अंडरस्टेबल. एकाच साच्यातील नवे चॅम्पियन नव्या डीएक्सपेक्षा सामान्यतः अधिक ओव्हरस्टेबल निघते. आणि जोर कमी पडला तर कोणतीही ओव्हरस्टेबल चकती उजवीकडे वळण्याच्या वेगापर्यंत पोहोचतच नाही. ती हातातून सुटल्यापासून डावीकडेच निघते आणि लवकर खाली बसते.

हे ऐकल्यावर आम्ही भाच्याला म्हटले की, तोंडी बोलणे पुरे, आता नोंद करू. आम्ही पंचवीस वर्षे नोंदीच करीत आलो आहोत. रविवारी सकाळी जवळच्या एका मोकळ्या मैदानावर गेलो. बहिणीच्या घरातली एक कोरी वही घेतली, रकाने आखले. चकती, पावले, डावीकडे की उजवीकडे, शेरा. चार चकत्या होत्या. भाच्याची वर्षभर आपटलेली जुनी डीएक्स लेपर्ड, त्याच्याकडेच वाढदिवसाला आलेली आणि न वापरलेली दुसरी नवी डीएक्स लेपर्ड, आणि शेजारच्या एका मुलाने त्या सकाळपुरत्या दिलेल्या चॅम्पियन लेपर्ड व स्टार डिस्ट्रॉयर. हात गरम व्हावा म्हणून पहिल्या काही फेकी लिहिल्या नाहीत. नंतर प्रत्येक चकती दहा वेळा, पण ओळीने दहा नव्हे तर आळीपाळीने, म्हणजे हात दमल्याचा दोष एकाच चकतीवर जाऊ नये. वारा जवळजवळ नव्हता. तो फेकी, आम्ही पावले मोजीत जाऊ आणि चकती उचलून आणू. चाळीस फेकींत आमचा व्यायामही झाला.

वहीत सरासरी अशी निघाली. जुनी डीएक्स शंभर पावले गेली व सहा पावले उजवीकडे पडली. नवी डीएक्स शहाण्णव पावले, तीन पावले डावीकडे, म्हणजे जवळजवळ सरळ. चॅम्पियन लेपर्ड एक्क्याण्णव पावले, अकरा पावले डावीकडे. आणि ज्या चकतीसाठी मुलगा मनात झुरत होता ती डिस्ट्रॉयर अठ्ठ्याऐंशी पावले गेली आणि वीस पावले डावीकडे जाऊन पडली. एका मुलाच्या एका सकाळच्या चाळीस फेकींचा हा हिशेब आहे, त्यावरून कोणी नियम बांधू नये. पण भाचा वहीकडे बराच वेळ पाहत राहिला. "मामा, डिस्ट्रॉयर सगळ्यांत मागे?" आम्ही म्हटले, आकडे तुझेच आहेत, आम्ही फक्त लिहिले.

येथेच थांबलो असतो तर स्वस्त तेच चांगले, असा उलटा समज घेऊन आम्ही घरी आलो असतो. परंतु दहाच्या सुमारास समोरून वारा सुटला. भाचा म्हणाला, आता बघा. त्याने जुनी डीएक्स वाऱ्यावर फेकली. ती उजवीकडे वळली ती वळतच गेली, पार उभी होऊन जमिनीवर चाकासारखी घरंगळत गेली. नवी डीएक्सही उजवीकडे भरकटली. चॅम्पियनने मात्र वाऱ्याला दाद दिली नाही. सरळ गेली आणि शेवटी थोडी डावीकडे बसली. समोरचा वारा म्हणजे चकतीच्या दृष्टीने वाढलेला वेगच, म्हणून वळण्याचा गुण अंगात जास्त असेल ती तेथे फसते. म्हणजे महाग चकतीची टणक कड दिखाऊ नाही, तिचे काम आहे. ते काम वाऱ्यात दिसते, झाडीत दिसते आणि टिकण्यात दिसते.

टिकण्यावरून आम्हाला आमचा जुना विषय आठवला. हिशेबात यंत्राची किंमत दरवर्षी घटवतात. दरवर्षी सारखी रक्कम वजा करा किंवा उरलेल्या किमतीवर टक्केवारी लावा, रीत कोणतीही असो, त्या घटीला घसारा म्हणतात. शब्द किती नेमका आहे पाहा! चकती अक्षरशः घासते. नॉर्थ कॅरोलिनातली मैदाने पाइनच्या झाडीतली, चुकलेली फेक खोडावरच जाते. नऊ डॉलरची डीएक्स तेथे एका वर्षात आपला मूळ स्वभाव सोडते, अठरा डॉलरची चॅम्पियन भाच्याच्या मित्रांच्या अनुभवाने चारेक वर्षे तोच स्वभाव ठेवते. म्हणजे एक वर्षाला नऊ डॉलर, दुसरी वर्षाला साडेचार. गरिबाच्या घरात स्वस्त वस्तू महाग पडते ती अशी. हातात एकदम अठरा नसतात, म्हणून तो दरवर्षी नऊ देत राहतो. बहिणीलाही आम्ही हे वहीत मांडून दाखवले.

परंतु हिशेबाच्या पुस्तकात नसलेली एक गोष्ट त्या मैदानावर आम्हाला दिसली. पुस्तकात घसारा हा नेहमी तोटाच असतो. यंत्र झिजत झिजत शेवटी भंगाराच्या भावाला येते. चकतीचे तसे नाही. डीएक्सची कड झिजून बोथट झाली, खळगे पडले, की तिचा डावीकडचा ओढा कमी होत जातो आणि ती आधी सरळ, मग उजवीकडे वळू लागते. भाच्याच्या जुन्या चकतीची वहीतली किंमत शून्य झाली होती, पण उजवीकडे वळणाऱ्या वाटेवर, झाडांच्या मागे दडलेल्या टोपलीकडे जायला तिच्यासारखी दुसरी त्याच्याकडे नव्हती. दुकानात नव्या मालाच्या फळीवर ती मिळणार नाही, ती वर्षभर फेकूनच तयार होते. अनेक मुरलेले खेळाडू एकाच साच्याच्या नवी, अर्धी झिजलेली आणि पुरती झिजलेली, अशा तीन चकत्या पिशवीत मुद्दाम बाळगतात, हेही आम्हाला नंतर कळले. आणि टोपलीजवळ टाकायच्या पटरच्या बाबतीत तर कितीतरी चांगले खेळाडू स्वस्त प्लॅस्टिकच पसंत करतात, कारण ते हातात पकडते आणि साखळ्यांना धरून राहते.

त्या संध्याकाळी आम्ही भाच्याला सांगितले की, मामा म्हणून तुला एक चकती घेऊन द्यायची आमची इच्छा आहे. कोणती ते तू ठरव, आम्ही किंमत विचारणार नाही, फक्त कशासाठी ते वहीत शेऱ्याच्या रकान्यात लिही. त्याने दोन दिवस घेतले. डिस्ट्रॉयर घेतली नाही. चॅम्पियन लेपर्ड घेतली, तीही हलक्या वजनाची. नियमाप्रमाणे चकतीच्या व्यासाच्या दर सेंटिमीटरला ८.३ ग्रॅमपेक्षा जास्त वजन चालत नाही, म्हणून एकवीस सेंटिमीटरच्या ड्रायव्हर १७५ ग्रॅमच्या आसपास थांबतात. मुले मोठेपणासाठी पुरे वजन घेतात. त्याने १६५ ग्रॅमची निवडली, कारण हलकी चकती कमी जोराच्या हातालाही साथ देते. शेऱ्याच्या रकान्यात त्याने मराठीत, मोडक्या अक्षरांत, एकच शब्द लिहिला होता, 'वाऱ्यासाठी'.

आम्हाला समाधान त्या शब्दाचे झाले. चमकते म्हणून नाही, मित्रांकडे आहे म्हणून नाही, तर अमुक कामाला माझ्याकडे काही नाही म्हणून हवी. महाग वस्तू घ्यायला हे कारण पुरेसे आहे, आणि न घ्यायलाही असेच कारण लागते. पुढच्या शनिवारी तो खेळायला गेला. कोण काय म्हणाले, ते आम्ही विचारले नाही. तो उन्हात लाल होऊन आला, दोनदा जेवला, आणि आईला म्हणाला की खांदा आता दुखत नाही. बहिणीने आमच्याकडे पाहिले. खांद्याचे खरे कारण आम्ही तिला सांगितले नव्हते, परंतु आई ती आईच. मेहुण्यांना त्या वर्षीच्या सप्टेंबरात दुसरी नोकरी लागली, पगार आधीपेक्षा कमी, पण घर चालू लागले.

आपल्याकडेही हेच चालते. बूट, सायकल, मोबाईल, क्लासची फी, प्रत्येक गोष्टीत मुले एकमेकांच्या पिशवीत डोकावतात. आईबापांना दोनच वाटा सुचतात. एक तर कर्ज काढून महाग वस्तू आणायची, नाहीतर ऐपत नाही म्हणून मुलाला गप्प करायचे. आमच्या मते यांच्यामध्ये तिसरी वाट आहे आणि तिला पैसे लागत नाहीत. मुलाबरोबर अर्धा दिवस बसावे, ती वस्तू काय काम करते ते त्याच्याचकडून समजून घ्यावे, दोन वस्तू शेजारी ठेवून तपासाव्यात आणि जे दिसेल ते कागदावर मांडावे. कधी स्वस्त वस्तू कामाची निघेल, कधी महाग वस्तूच खरी स्वस्त पडेल. निकाल काहीही लागो, तो मुलाच्या डोळ्यांसमोर लागलेला असेल, आणि मग कमी किमतीची वस्तू हातात धरताना त्याची मान खाली जाणार नाही.

शेवटी एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. अडचणीच्या काळात घरातली मुले आपल्याला वाटते त्यापेक्षा जास्त जाणतात. ती हट्ट करायचे सोडून देतात आणि आपण म्हणतो, पोर किती शहाणे झाले. वाचकहो, मुलाने मागणे एकाएकी बंद केले तर ती रक्कम बचतीच्या बाजूला मांडू नका. त्याने आणखी काय काय सोडून दिले आहे, ते आधी त्याच्याजवळ बसून विचारा.